केसपेपर कुलपात, पण किल्ली कोणाकडे?

दवाखान्यात येणारा माणूस डॉक्टरला जे सांगतो ते तो बायकोला सांगत नाही, सख्ख्या भावाला सांगत नाही आणि देवापुढे सांगतानाही मान खाली घालतो. रोज किती घेतो, मुलीला फिट येते हे सोयऱ्यांना कळवले आहे की नाही, झोपेच्या गोळ्या किती वर्षांपासून चालू आहेत, लग्नाआधी काय घडले, हे सारे डॉक्टरच्या टेबलावर येते. यात आमची विद्वत्ता काही नाही. 'इथले बोलणे इथेच राहील' या एका भरवशावर हे घडते.

हा भरवसा उडाला तर काय होते? छातीत दुखते म्हणून आलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाला जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी देण्याचा प्रघात आहे. पण त्यांनी आदल्या रात्री पौरुषासाठी म्हणून सिल्डेनाफिलची गोळी घेतली असेल आणि लाजेने ती लपवली असेल, तर या दोन औषधांच्या मेळाने रक्तदाब एकदम कोसळतो. माणूस दगावूही शकतो. पाय मोडून भरती झालेला रुग्ण रोज दारू पितो हे सांगत नाही. दोन-तीन दिवसांनी त्याचे हात थरथरू लागतात, तो भलतेसलते बोलू लागतो आणि घरच्यांना वाटते, भूल डोक्यात गेली! क्षयरोगाचा रुग्ण गावात कळेल या भीतीने दूरच्या शहरात औषध घेतो, दोन महिन्यांत बरे वाटले की सोडून देतो, आणि अर्धवट सोडलेला क्षय पुढे औषधांना दाद देईनासा होतो. लपवलेली माहिती अशी जिवावर बेतते. म्हणून रुग्णाचे गुपित राखणे हा सभ्यपणा तर आहेच, पण तो उपचाराचाही भाग आहे.

वाचकहो, आज या सदरात मधुमेह नाही, पावसाळ्यातील जुलाब-उलट्याही नाहीत. आज बोलायचे आहे ते दवाखान्याच्या संगणकात साठलेल्या तुमच्या माहितीबद्दल आणि तिला लावायच्या कुलपाबद्दल. या कुलपाला 'एन्क्रिप्शन' म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. ती डॉक्टरांनी आणि रुग्णांनी, दोघांनीही समजून घेतली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

कपाटातून संगणकात

आमच्या उमेदवारीच्या काळात केसपेपर लोखंडी कपाटात असत. कपाटाची किल्ली कंपाउंडरच्या कमरेला. वाळवी आणि उंदीर हे तेव्हाचे मुख्य शत्रू. एखाद्याने चोरायचे म्हटले तरी किती नेणार? पिशवीत मावतील तेवढेच. शिवाय डॉक्टरांचे अक्षर! आमचे अक्षर औषधाच्या दुकानदाराखेरीज कोणाला लागत नाही, हा विनोद जुना आहे; पण त्या अक्षराने न कळत पुष्कळांची गुपिते राखली, हेही खरे.

आता तसे राहिलेले नाही. तालुक्याच्या गावातही बऱ्याच दवाखान्यांत, लॅबमध्ये आणि सोनोग्राफी सेंटरमध्ये नोंदी संगणकावर होतात. त्याचा फायदा मोठा आहे. चार वर्षांपूर्वी कोणते औषध दिले होते आणि कशाची पुरळ उठली होती, हे क्षणात समोर येते. अक्षर न लागल्याने चुकीचे औषध देण्याची भीती राहत नाही. मी स्वतः संगणकाच्या बाजूचा माणूस आहे.

मात्र या साऱ्या नोंदी एका ठिकाणी, कप्पे पाडून लावलेल्या असतात. त्याला डेटाबेस म्हणतात. ज्या मुख्य संगणकावर तो असतो तो सर्व्हर. रिसेप्शन, लॅब आणि डॉक्टरांचे टेबल इथले संगणक त्याला जोडलेले असतात. लोखंडी कपाटातले पन्नास हजार केसपेपर हलवायला टेम्पो लागेल. तोच मजकूर डेटाबेसमधून नखाएवढ्या पेन ड्राइव्हवर उतरवायला काही मिनिटे पुरतात. मूळ नोंदी जागेवरच राहतात, त्यामुळे चोरी झाली हे कळतही नाही.

दूरची आणि जवळची उदाहरणे

'आमच्या बीपी-शुगरमध्ये कोणाला एवढे स्वारस्य आहे, डॉक्टर?' असे काहीजण विचारतात. त्यांच्यासाठी फिनलंडची हकीकत सांगतो. तिथे 'वास्तामो' नावाची मानसोपचार केंद्रांची एक मोठी खासगी संस्था होती. २०१८ आणि २०१९ मध्ये तिच्या डेटाबेसमध्ये चोर शिरला. सर्व्हर इंटरनेटवर उघडा होता, मुख्य खात्याला पासवर्डसुद्धा नव्हता, आणि आतल्या नोंदी साध्या वाचता येतील अशा पडल्या होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये चोराने आधी संस्थेकडे खंडणी मागितली. ती मिळेना, तेव्हा त्याने थेट रुग्णांना ईमेल पाठवले: दोनशे युरो द्या, नाहीतर तुम्ही डॉक्टरांशी जे बोललात ते जगजाहीर करतो. सुमारे तेहतीस हजार रुग्णांच्या नोंदी त्याच्या हाती होत्या, आणि त्या पुढे खरोखरच इंटरनेटवर टाकल्या गेल्या. २०२१ मध्ये संस्थेचे दिवाळे वाजले. २०२४ मध्ये तेथील जिल्हा न्यायालयाने आरोपीला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. पण बाहेर पडलेली गोष्ट कोणत्या न्यायालयाला परत आत घालता येते? तुटलेले हाड सांधता येते, फुटलेले गुपित सांधता येत नाही.

आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद करून टाकली. देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात नोंदणी आणि तपासण्यांचे काम कित्येक दिवस पुन्हा कागदावर करावे लागले. न बाधलेल्या सर्व्हरवर राखीव प्रत होती, म्हणून रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या.

महाराष्ट्रानेही निश्चिंत राहू नये. २०२० च्या सुरुवातीला एका जर्मन सुरक्षा संस्थेचा अहवाल वृत्तपत्रांत आला होता. भारतीय रुग्णांचे एक्स-रे, सीटी स्कॅन अशा कोट्यवधी प्रतिमा, नावागावासकट, कोणालाही पाहता येतील अशा सर्व्हरवर पडून असल्याचे त्यात दाखवले होते. राज्यांच्या त्या यादीत महाराष्ट्र अग्रभागी होता. तिथे कोणी कुलूप फोडले नव्हते. कुलूप लावलेलेच नव्हते!

कापड दुकानाची चिठ्ठी

आता एन्क्रिप्शन म्हणजे काय ते पाहू. जुने कापड दुकानदार एक युक्ती करीत. दहा वेगवेगळी अक्षरे येतील असे शब्द ठरवायचे आणि एक ते नऊ व शून्य या अंकांना एकेक अक्षर द्यायचे. साडीच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत त्या अक्षरांत लिहायची. गिऱ्हाईकाला चिठ्ठी दिसते, किंमत कळत नाही. दुकानातल्या माणसाला ठरलेले शब्द ठाऊक, म्हणून त्याला क्षणात कळते. चिठ्ठी उघडी आहे, पण अर्थ बंद आहे. एन्क्रिप्शन म्हणजे हेच. ते ठरलेले शब्द म्हणजे किल्ली.

संगणकातली पद्धत अर्थातच पुष्कळ पक्की असते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचे नाव एईएस. जोन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये अमेरिकेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्या २५६ बिटांच्या किल्लीत किती वेगवेगळ्या किल्ल्या संभवतात? ती संख्या अठ्ठ्याहत्तर अंकी आहे. एकेक किल्ली लावून पाहायची म्हटले, तर जगातले सारे संगणक जुंपूनही ते काम उरकणार नाही.

सर्व्हरवर हे काम चालते कसे? डॉक्टर नेहमीसारखी नोंद टाइप करतात. डिस्कवर लिहिताना सर्व्हर ती आपणहून सांकेतिक करून लिहितो. अधिकार असलेल्या माणसाने पासवर्ड देऊन ती नोंद मागितली की तो ती उलगडून दाखवतो. डॉक्टरांना किंवा सिस्टरना वेगळे काही करावे लागत नाही. मात्र रात्री दवाखाना फोडून कोणी तो संगणकच उचलून नेला, तर त्याला डिस्कवर निरर्थक अक्षरांच्या राशीशिवाय काही सापडत नाही.

चोरीचे राहू द्या. आपल्या गावांत त्याहून साधे प्रसंग रोज घडतात. संगणक बिघडतो, दुरुस्तीवाला तो दुकानात नेतो आणि चार दिवस तो तिथे पडून असतो. जुना झाला की तो भंगारात किंवा 'सेकंडहँड' म्हणून विकला जातो. नोंदी पुसल्या आहेत असे मालकाला वाटते, पण नुसत्या 'डिलीट' केलेल्या फायली साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. राखीव प्रतीचा पेन ड्राइव्ह कोणाच्या तरी शर्टाच्या खिशात राहतो आणि एसटीत पडतो. या सगळ्या प्रसंगी सर्व्हरवरचे एन्क्रिप्शन रुग्णाच्या बाजूने उभे राहते. मालक विसरला तरी ते राखण करते, हा त्याचा मोठा गुण.

खरा प्रश्न किल्लीचा

इथपर्यंत ऐकून काही डॉक्टरमित्र म्हणतील, आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने सांगितले आहे, सगळे एन्क्रिप्टेड आहे. फार चांगले. आता त्याला पुढचा प्रश्न विचारा: किल्ली कुठे आहे?

अनेकदा उत्तर असे मिळते की किल्ली त्याच सर्व्हरवर, शेजारच्या फोल्डरमध्ये आहे. म्हणजे तिजोरीला उत्तम कुलूप लावायचे आणि किल्ली शेजारच्या खिळ्याला अडकवायची! चोर तिजोरी नेईल तेव्हा खिळ्यावरची किल्ली का सोडेल? आमच्या व्यवसायातले उदाहरण द्यायचे तर सुई वीस मिनिटे उकळून निर्जंतुक करायची आणि मग मळक्या टेबलावर ठेवायची, तसे हे झाले. उकळण्याचे श्रम फुकट, आणि वर 'आम्ही उकळली होती' हे खोटे समाधान.

ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषापंडिताने १८८३ मध्येच हे सांगून ठेवले आहे. गुप्तलेखनाची पद्धत शत्रूला कळली तरी चालले पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. शाळेतल्या मुली 'च'ची भाषा बोलतात ती का फुटते? तिची किल्ली सगळ्या वर्गाला ठाऊक असते म्हणून.

तेव्हा किल्ली माहितीपासून वेगळी ठेवावी. मोठी रुग्णालये त्यासाठी स्वतंत्र यंत्र ठेवतात. लहान दवाखान्यांना भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर किल्ली सांभाळणारी वेगळी सेवा मिळू शकते. बहुतेक चांगल्या व्यवस्थांत दोन किल्ल्या असतात. एक छोटी, जी नोंदी बंद करते. दुसरी मोठी, जी त्या छोट्या किल्लीलाच बंद करते. कपाटाची किल्ली एका पेटीत, आणि पेटीची किल्ली दुसऱ्या घरी, असा हा प्रकार. कर्मचारी सोडून गेला की पेटीचे कुलूप तेवढे बदलता येते, सगळे कपाट पुन्हा लावावे लागत नाही.

आणखी एक इशारा. ही किल्ली हरवली तर किल्लीवाल्याला बोलावून कुलूप उघडता येत नाही. नोंदी कायमच्या गेल्या. म्हणून किल्लीची दुसरी प्रत वेगळ्या, सुरक्षित ठिकाणी हवी. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली तरी चालेल. ती कुठे आहे हे डॉक्टरांखेरीज आणखी एका विश्वासू माणसाला माहीत असावे. डॉक्टर हाही मर्त्य प्राणीच आहे.

या कुलपाने काय होत नाही

औषधाचे गुण सांगताना त्याच्या मर्यादाही सांगाव्यात, ही आमची शिस्त. एन्क्रिप्शन हा सर्व रोगांवरचा रामबाण नाही.

पहिली मर्यादा अशी की सर्व्हर अधिकृत माणसाला नोंद उलगडून देतो. मग अधिकृत माणसाचा पासवर्डच चोराला मिळाला तर? अमेरिकेतील अँथेम या आरोग्यविमा कंपनीच्या बाबतीत तसेच झाले. २०१५ मध्ये उघड झालेल्या त्या चोरीत सुमारे ७ कोटी ८८ लाख लोकांची माहिती गेली. त्या डेटाबेसला एन्क्रिप्शन नव्हते, यावर तेव्हा बरीच टीका झाली. पण चोरांनी व्यवस्थापकांचेच पासवर्ड मिळवले होते. नुसते सर्व्हरवरचे एन्क्रिप्शन असते तरी सर्व्हरने त्यांना मालक समजून दार उघडले असते. म्हणून एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात अशा नाजूक नोंदींचे कप्पे वेगळ्या किल्लीने बंद करावेत, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या तंत्रज्ञालाही ते वाचता येणार नाहीत. पासवर्डसोबत मोबाइलवर येणारा दुसरा आकडा मागावा. कोणी, केव्हा, कोणाची नोंद उघडली याची हजेरी संगणकाने ठेवावी आणि महिन्यातून एकदा डॉक्टरांनी ती स्वतः वाचावी. कुंपणच शेत खाते आहे की काय, हे त्यातून कळते.

दुसरी मर्यादा. एम्सवर झाला तसा हल्ला एन्क्रिप्शनने थांबत नाही. तुमच्या कुलूपबंद नोंदींवर हल्लेखोर आपले आणखी एक कुलूप ठोकू शकतो. त्यावर उपाय एकच: राखीव प्रत. तीही सांकेतिक केलेली, आणि निदान एक प्रत संगणकापासून तोडून ठेवलेली. ती प्रत खरोखर उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे. अग्निशामक नळकांडे भिंतीवर टांगले आणि दहा वर्षे पाहिले नाही, असे व्हायला नको.

तिसरी मर्यादा माणसाच्या तोंडाची. रिसेप्शनवरून 'पाटीलकाका, तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट आला!' अशी हाक मारली, तर जगातले कोणतेही एन्क्रिप्शन कामाचे नाही. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर भलत्याच गटात गेला, पासवर्डची चिठ्ठी पडद्यावर चिकटवली, तर दोष यंत्राचा नाही.

काही हरकती

'खर्च परवडेल का?' असे लहान दवाखान्यांचे डॉक्टर विचारतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत सगळी डिस्क बंद करणारी 'बिटलॉकर' नावाची सोय आतच असते, फक्त ती चालू करावी लागते. नेहमीच्या वापरातल्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्येही ही व्यवस्था बऱ्याच वर्षांपासून आलेली आहे. 'संगणक मंद होईल' ही भीतीही जुनी झाली. २०१० पासून प्रोसेसरमध्येच या कामासाठी वेगळ्या सूचना येऊ लागल्या. दिवसाला शंभर रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्याला फरक जाणवू नये.

'रुग्ण बेशुद्ध आला आणि नोंद उघडेना तर?' हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर असे की कामावर असलेल्या डॉक्टरला नोंद तत्काळ दिसलीच पाहिजे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती दिसत नाही ते वाईट सॉफ्टवेअर. आणीबाणीत कर्तव्यावरील कोणत्याही डॉक्टरला नोंद उघडता यावी, पण कोणी व कशासाठी उघडली हे नोंदले जावे, अशी सोय करता येते. आगीच्या गजराची काच जशी कोणीही फोडू शकतो, पण फोडली हे साऱ्यांना कळते, तशी. गुपित राखण्याच्या नादात जीव गमावणे मला मान्य नाही.

कायद्याचे म्हणणे

गुप्तता ही काही डॉक्टरांची मेहेरबानी नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की न्यायालयाचा आदेश, दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा कळवणे बंधनकारक असलेले आजार असे अपवाद सोडता रुग्णाचे गुपित उघड करता येत नाही. क्षयरोग २०१२ पासून सरकारला कळवावा लागतो. पण सरकारला कळवणे वेगळे आणि आळीला कळवणे वेगळे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी टाकली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने अमलात यायचे आहेत, आणि सुरक्षेच्या उपायांत एन्क्रिप्शनचा उल्लेख त्यांत स्पष्ट आहे.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनविषयी एक गैरसमज आढळतो. चौदा अंकी आभा क्रमांक काढला की आपल्या सगळ्या नोंदी दिल्लीच्या एका गोदामात जाऊन पडतात, असे लोकांना वाटते. त्या योजनेची रचना तशी नाही. नोंद ज्या दवाखान्यात तयार झाली तिथेच राहते, आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दाखवली जाते. याचा अर्थ असा की कुलूप लावण्याची जबाबदारी शेवटी आपल्याच गावातल्या दवाखान्यावर येते. दिल्लीवर ढकलून मोकळे होता येणार नाही.

विक्रेत्याला विचारा

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की दवाखान्याचे सॉफ्टवेअर घेताना किंवा त्याचे वार्षिक पैसे भरताना हे सहा प्रश्न जरूर विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

१. डिस्कवरील सर्व नोंदी सांकेतिक स्वरूपात राहतात का? एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या प्रतिमाही?

२. राखीव प्रतही सांकेतिक असते का?

३. किल्ली कुठे ठेवली आहे, आणि ती कोणाकोणाला मिळू शकते? तुमच्या कंपनीतल्या मुलांना आमच्या रुग्णांच्या नोंदी वाचता येतात का?

४. रिसेप्शनच्या संगणकावरून सर्व्हरकडे जाताना वाटेतही माहिती बंद असते का?

५. प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळा पासवर्ड आणि कामापुरताच अधिकार आहे का? बिल करणाऱ्याला निदान दिसण्याची गरज नाही.

६. आम्ही तुमची सेवा सोडली, तर आमच्या नोंदी आम्हाला कशा मिळतील आणि तुमच्याकडच्या कशा नष्ट होतील?

विक्रेता पहिल्या प्रश्नालाच 'सर, टेन्शन घेऊ नका' असे म्हणाला, तर टेन्शन घ्यावे.

आणि रुग्णांनो, तुम्हीही संकोच करू नका. इंजेक्शन देताना 'सुई नवीन आहे ना?' असे विचारायला तुम्ही शिकलात. सुरुवातीला काही डॉक्टरांना राग आला, पण त्या प्रश्नाने सबंध व्यवसायाला वळण लावले. तसेच आता विचारा: 'डॉक्टरसाहेब, आमची माहिती संगणकात कुलूपबंद आहे ना?' लॅबवाल्याने रिपोर्ट मोबाइलवर पाठवायचा म्हटले तर कोणत्या क्रमांकावर, हे नीट सांगा; घरातल्या सामाईक फोनवर नको असेल तर स्पष्ट सांगा. जुना मोबाइल विकण्यापूर्वी त्यातले रिपोर्टचे फोटो काढून टाका आणि फोन मूळ अवस्थेत आणा.

मोठ्या शहरात एका इमारतीतले लोक एकमेकांना ओळखत नाहीत, त्यामुळे फुटलेली गोष्ट गर्दीत हरवून तरी जाते. आपल्या गावात तसे नसते. इथे मुलीचे लग्न मोडते, दुकानावरचे गिऱ्हाईक तुटते, शिक्षकाकडे पालक वेगळ्या नजरेने पाहू लागतात, आणि हे सारे पिढीभर पुरते. म्हणून लहान गावाचे कुलूप शहरापेक्षा कच्चे असून चालणार नाही, ते अधिक पक्के हवे. तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, सगळ्यांनी मिळून विक्रेत्यांपुढे वरील प्रश्न ठेवावेत आणि एका चांगल्या जाणकाराकडून दवाखान्यांची तपासणी करून घ्यावी. एकट्या डॉक्टरचे विक्रेता ऐकत नाही, तीस डॉक्टरांचे ऐकतो. बैल गेला अन् झोपा केला अशी पाळी येण्याआधी हे व्हावे, एवढेच सांगणे.